स्पीड कुठे अडतोय, ते आधी बघूया

अगं, तुझा मेसेज सकाळी पाहिला. रात्री पावणेबाराला पाठवलेला. "ताई, दहा गिगाचं कार्ड घातलं, केबल नवी, स्विच नवा, तरी कॉपीचा स्पीड वर चढत नाही. माझंच काहीतरी चुकलंय." सगळं वाचलं, पण मन अडकलं ते शेवटच्या वाक्यात. म्हणून फोन न करता सावकाश लिहायला बसले. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणशील आणि ठेवल्यावर पुन्हा तेच स्क्रू उघडत बसशील.

तू स्वतः एकेक पार्ट निवडून, घरच्या टेबलावर जोडून सर्व्हर उभा केलास. तो सुरू झाला, चालतोय, तुझी लग्नाची शूट्स सांभाळतोय. हे काम पगार घेऊन करणाऱ्यांनाही पहिल्या फटक्यात जमत नाही. आता राहिलंय ते एवढंच, की स्पीड एका जागी अडतोय आणि ती जागा कुठली हे तुला अजून दिसलेलं नाही. ती शोधायची रीत असते. मला ती उशिरा कळली, तुला आजच सांगते.

आधी आकड्यांची भाषा एक करू. कार्डाच्या खोक्यावर लिहिलेले १० गिगाबिट हे बिट आहेत. कॉपीच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. बिटांना आठनं भागलं की बाइट. म्हणजे १० गिगाबिटचे होतात १,२५० मेगाबाइट, आणि प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता-बित्ता वजा जाता हातात पडतात साधारण १,१७५. जुन्या एक गिगाबिटच्या लाइनवर हाच आकडा ११२ ते ११८ असतो. तुझं चारशे जीबीचं शूट जुन्या लाइनवर चढायला तास लागतो. नव्या लाइनवर, डिस्कनं साथ दिली तर, सहा-सात मिनिटं. तू पैसे घातलेस ते या फरकासाठी. तेव्हा हा हट्ट अगदी रास्त आहे, सोडू नकोस.

आता माझं सांगते, कारण तू आज जिथे आहेस तिथे मी तीन आठवडे होते. माझ्या पहिल्या सर्व्हरमध्ये मी इंटेलचं एक्स५२० कार्ड घातलं होतं, कुठल्याशा डेटा सेंटरमधून निघालेलं, सेकंडहँड. कार्ड बसलं, हिरवा दिवा लागला. एथटूल या आज्ञेनं कार्डाला विचारलं तर उत्तर आलं, स्पीड १०,०००. मी खूश! आणि कॉपी मात्र ३.२ गिगाबिटच्या पुढे हलेना. मी केबल बदलली. मग मॉड्यूल बदललं. मग ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्यानं टाकली. तरी ३.२. रोज रात्री ३.२. शेवटी एका रविवारी मदरबोर्डचं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं, आणि स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: दुसरा लांब स्लॉट आकारानं पूर्ण असला, तरी आत लेन एकच आहे.

त्या दिवशी मला कळलं की नेटवर्क कार्डाला दोन तोंडं असतात. एक तोंड केबलकडे, दुसरं मदरबोर्डाकडे. हिरवा दिवा आणि "१०,०००" हा आकडा फक्त केबलच्या बाजूचं सांगतात. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ता किती रुंद आहे, याबद्दल तो दिवा काहीच बोलत नाही. मी तीन आठवडे एकाच तोंडाकडे बघत होते.

म्हणून आता कॅबिनेट बंद कर, स्क्रू-ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेव, आणि नुसतं मोज.

सगळ्यात आधी डिस्कला बाजूला काढायचं. फाइल कॉपी करून पाहतो तेव्हा नेटवर्क, डिस्क, प्रोसेसर, कॉपीचं सॉफ्टवेअर असे सगळे एकदम बोलतात आणि कोण अडतंय ते ऐकूच येत नाही. आयपर्फ-३ हे छोटं साधन डिस्कला हात लावत नाही. एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत नुसता डेटा ढकलतं. सर्व्हरवर ते सर्व्हर म्हणून लाव, डेस्कटॉपवर क्लायंट म्हणून लाव, आणि तीस सेकंद चालू दे. मग कॅपिटल आर जोडून उलट्या दिशेनं तेच कर. मग कॅपिटल पी आणि चार, म्हणजे चार धारा एकदम. असे तीन आकडे कागदावर लिही. साधनाची आवृत्ती ३.१६ किंवा पुढची घे. त्याआधीच्या आवृत्त्या चार धारा सांगितल्या तरी सगळं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर करायच्या. आणि डेस्कटॉपवर विंडोज असेल तर तिथल्या आयपर्फच्या आकड्यावर फार विसंबू नकोस. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एनटीटीटीसीपी आहे, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून मोज.

आता नीट ऐक, कारण माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवातलं सगळ्यात कामाचं हेच आहे. आकडा किती आला हे बघण्याआधी तो कसा आला ते बघ. तीस सेकंदांच्या तीस ओळी येतात. त्या सगळ्या ओळींत तोच तो आकडा असेल, काटा जागेवरून हलत नसेल, तर वाटेत कुठेतरी भिंत आहे. ओळी वरखाली होत असतील, कधी नऊ, कधी चार, कधी शून्य, तर भिंत नाही, काहीतरी दुखतंय. भिंत आणि दुखणं यांचे उपाय अगदी वेगळे. मी भिंतीवर औषध लावत बसले होते.

भिंतीचे आकडे ठरलेले असतात, ते पाठच करून ठेव. काटा ९४० मेगाबिटवर थिजलाय? मग डेटा तुझ्या नव्या कार्डावरून जातच नाहीये. दोन्ही मशीनना जुना, बोर्डावरचा एक गिगाचा पोर्टही लावलेला असतो, आणि सर्व्हरचं नाव घेतलं की डेस्कटॉप जुन्याच पत्त्यावर जातो. हे खूप जणींचं होतं. जुनी केबल काढून बघ, किंवा नव्या कार्डाला वेगळ्या सबनेटमधला पत्ता दे आणि तोच पत्ता टाइप करून जोड. काटा २.३५ गिगाबिटवर असेल तर कुठल्यातरी एका टोकानं अडीच गिगावर तडजोड केली आहे. केबल आणि स्विचचा पोर्ट तपास. ९४ मेगाबिट दिसलं तर लाइन शंभरवर उतरली आहे, केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असण्याची शक्यता मोठी. तीन-सव्वातीन गिगाबिट असेल तर माझा स्लॉट आठव. आणि ९.४ असेल तर देवापुढे साखर ठेव, नेटवर्क निर्दोष आहे.

स्लॉटचं जरा सविस्तर सांगते, कारण सेकंडहँड सर्व्हर कार्ड घेणाऱ्या प्रत्येकीला हे कधी ना कधी भेटतं. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीत ९८५. कार्ड आणि स्लॉट यांच्यातली जी पिढी जुनी, तीच चालते. माझं एक्स५२० दुसऱ्या पिढीचं, आठ लेनसाठी बनवलेलं. त्याला मी एका लेनवर बसवलं. ५०० मेगाबाइट म्हणजे कागदावर ४ गिगाबिट, वरखर्च जाऊन उरले ३.२. बोर्ड कितीही नवा असता, तिसऱ्या पिढीचा असता, तरी त्या स्लॉटमध्ये हे कार्ड एवढंच देणार होतं.

हे बघायला कॅबिनेट उघडावं लागत नाही. लिनक्सवर रूट होऊन एलएसपीसीआय ही आज्ञा दोन व्ही लावून चालव आणि तुझ्या कार्डाच्या नावाखाली लिंकच्या दोन ओळी शोध. एक ओळ कार्डाची ऐपत सांगते, दुसरी आत्ता प्रत्यक्षात काय मिळतंय ते. माझ्याकडे ऐपतीच्या ओळीत ‘५ जीटी, एक्स८’, म्हणजे आठ लेन, होतं आणि प्रत्यक्षाच्या ओळीत ‘५ जीटी, एक्स१’, म्हणजे एकच. पुढे ‘डाउनग्रेडेड’ असा शब्दही होता. तीन आठवडे तो तिथेच होता, मी त्या पानावर गेलेच नव्हते. बूटच्या नोंदींतही, डीमेसेजमध्ये, कर्नल स्वतःहून सांगतो की या कार्डाला ४ गिगाबिटचाच रस्ता मिळालाय, ऐपत मात्र ३२ ची आहे.

एक्स१ किंवा एक्स२ दिसलं तर मगच मशीन बंद कर. प्लग भिंतीतून काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लाव, आणि मग कार्ड काढ. रिकाम्या स्लॉटमध्ये मोबाइलचा टॉर्च मार. बऱ्याच बोर्डांवर फरक डोळ्यांनी दिसतो: पूर्ण स्लॉटमध्ये सोनेरी टाचण्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि अर्धवट स्लॉटमध्ये ती सुरुवातीलाच संपते, पुढे नुसतं काळं प्लास्टिक. एकदा बघितलंस की जन्मात विसरणार नाहीस. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा स्लॉट बहुतेक वेळा पूर्ण असतो. सर्व्हरला मॉनिटर लागत नाही, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ते वेगळं ग्राफिक्स कार्ड काढ आणि ती मानाची जागा नेटवर्क कार्डाला दे. अजून एक: काही बोर्डांवर दुसरी एम-डॉट-टू एसएसडी बसवली की शेजारच्या स्लॉटच्या लेन कापल्या जातात. तू दिवाळीत एसएसडी वाढवलीस ना? मग मॅन्युअलमधला तो तक्ता वाचच. मी कार्ड हलवलं, बूट केलं, एक्स८ दिसलं, आणि तीस ओळी ओळीनं आल्या: ९.४१, ९.४१, ९.४१. तुझ्या भाऊजींना झोपेतून उठवून दाखवलं होतं मी.

आता दुखण्याकडे. काटा हेलकावे खातोय, किंवा सुरुवातीला नऊ आणि पंधरा मिनिटांनी तीन, असं असेल तर पहिला संशय उष्णतेवर घे. डेटा सेंटरच्या कार्डांना स्वतःचा पंखा नसतो, कारण तिथल्या रॅकमध्ये समोरून मागे अखंड वारा वाहत असतो. तेच कार्ड आपण घरच्या शांत कॅबिनेटमध्ये कोपऱ्यात घालतो, आणि खोलीत एप्रिलची दुपार असते. हीटसिंकवर हात ठेवून पाहशील तर क्षणभरही टिकणार नाही. कॅबिनेटचा एक पंखा थेट कार्डावर वारा सोडेल असा बांध. आठ सेंटिमीटरचा साधा पंखाही पुरतो. तांब्याच्या केबलसाठी एसएफपी प्लसमध्ये घालायचं मॉड्यूल वापरत असशील तर ते फार तापतं, आणि तशी बरीचशी मॉड्यूल ३० मीटरपर्यंतच्या केबलसाठीच असतात. सर्व्हर आणि स्विच एकाच टेबलाखाली असतील तर डॅक केबल घे. तीत मॉड्यूल दोन्ही टोकांना घट्ट जोडलेलीच येतात, आणि ती जवळजवळ तापत नाही.

दुसरा संशय केबलवर. दहा गिगाबिट १०० मीटरपर्यंत न्यायला कॅट-६ए लागते. साध्या कॅट-६ वर भरवसा ५५ मीटरपर्यंतच, तोही आजूबाजूला केबलींचा गठ्ठा नसेल तर. घरातलं अंतर कमी असतं, त्यामुळे लांबी सहसा आड येत नाही. आड येतं ते हातानं क्रिम्प केलेलं टोक. एथटूलला कॅपिटल एस लावून कार्डाची मोजणी बघ. सीआरसी एरर वाढत असतील तर केबल किंवा मॉड्यूल आजारी आहे. ‘मिस्ड’ वाढत असेल तर केबल बरी आहे, आलेली पॅकेट उचलायला मशीन पुरं पडत नाही. मग रिंग बफर वाढव, ५१२ वरून ४,०९६ वर.

आणि तिसरा, प्रोसेसर. एक धार पाच गिगाबिट देते आणि चार धारा मिळून ९.४ देतात, असं दिसलं तर एकटा कोअर थकतोय. प्रोसेसर वीज वाचवायच्या मोडमध्ये असेल तर परफॉर्मन्सवर टाक. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत असशील तर त्याचं नेटवर्क कार्ड ई१००० प्रकारचं ठेवू नकोस, व्हर्टआयओ निवड. एवढ्यानंच काटा दुप्पट झालेला मी पाहिलाय.

समजा आयपर्फ ९.४ म्हणतोय आणि तरी तुझी फाइल १८० मेगाबाइटनंच जातेय. मग राणी, नेटवर्कला दोष देणं थांबव. फिरती हार्ड डिस्क एकटी दीडशे ते अडीचशे देते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत. तुझ्या दोन डिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे लिहिताना स्पीड एकाच डिस्कचा. दहा गिगाची लाइन भरायला एनव्हीएमई हवी, किंवा बऱ्याच डिस्कचा एकत्र संच. सुरुवातीचे काही जीबी सुसाट आणि मग धपकन खाली, हे दिसलं तर पहिला वेग मेमरीचा किंवा एसएसडीच्या कॅशचा होता, खरा वेग नंतरचा. एससीपीनं कॉपी करत असशील तर तो प्रत्येक बाइट एन्क्रिप्ट करतो, तेही एकाच कोअरवर; घरच्या घरात सांबा किंवा एनएफएस बरं. आणि चाळीस हजार फोटोंचं फोल्डर एका मोठ्या व्हिडिओसारखं कधीच धावणार नाही. प्रत्येक फाइल उघडायची, नाव लिहायचं, बंद करायचं, यातच वेळ जातो. चाचणी घेताना एकच मोठी फाइल घे.

तू विचारलंस, जंबो फ्रेम चालू करू का? कर, पण सगळ्यात शेवटी. त्यानं होतं काय, ते आधी समजून घे. नेहमीच्या १,५०० बाइटच्या पॅकेटनी दहा गिगाची लाइन भरायची तर सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेट लागतात. ९,००० बाइटची घेतली तर १ लाख ३८ हजार. प्रोसेसरचं ओझं हलकं होतं, हे खरं. पण आजचा बरा प्रोसेसर पहिलं ओझंही पेलतो, आणि जंबोसाठी सर्व्हर, डेस्कटॉप आणि मधला स्विच तिघांचं एकमत लागतं. एकजण मागे राहिला की विचित्र प्रकार सुरू होतो: पिंग जातं, फोल्डर उघडतं, छोटी फाइल येते, आणि मोठी कॉपी मात्र मध्येच गोठते. लावलंस तर ८,९७२ बाइटचं पिंग, तुकडे न करण्याची अट घालून, दोन्ही बाजूंनी जातंय ना ते बघ. आणि एक लेन असलेल्या स्लॉटवर जंबोनं दोन-पाच टक्के इकडे-तिकडे होतील, भिंत काही हलणार नाही.

तसंच कुणीतरी दिलेल्या त्या वीस ओळींच्या सेटिंग्ज, टीसीपीचे मोठमोठे बफर. त्या दुसऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठीसारख्या आहेत. वाटेत असलेला डेटा मावेल एवढा बफर लागतो. घरात एक फेरी ०.२ मिलिसेकंदात होते, त्याला २५० केबी पुरतात, आणि लिनक्स तेवढं स्वतःहून वाढवतो. समुद्रापार १०० मिलिसेकंदांवर डेटा पाठवणाऱ्याला १२५ एमबी लागतात, ते बफर त्याच्यासाठी. तू घातल्या असशील तर काढून टाक. पुढे काही बिघडलं तर शोधायला एक जागा कमी.

आता मोठी बहीण म्हणून दोन गोष्टी, त्या मात्र ऐकच. एका वेळी एकच बदल कर आणि बदलानंतर तीच चाचणी पुन्हा घे. दोन गोष्टी एकदम बदलल्यास आणि स्पीड वाढला, तरी शहाणपण हाती लागत नाही. आणि डिलिव्हरीच्या आदल्या रात्री सर्व्हरला हात लावू नकोस. त्यात लोकांच्या मुलींची लग्नं आहेत, ती पुन्हा शूट होत नाहीत. आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घे, लग्नसराईतला एखादा मोकळा दिवस बघ, पोटभर जेव आणि मग बस. मी त्या तीन आठवड्यांत सगळं चुकीचं केलं ते रात्री एकनंतर, थकलेल्या डोळ्यांनी.

मला संध्याकाळी एवढंच पाठव: आयपर्फचे तीन आकडे, ओळी स्थिर होत्या की डुलत होत्या ते, आणि एलएसपीसीआयमधल्या लिंकच्या त्या दोन ओळी. "माझंच चुकलंय" हे पाठवू नकोस, त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. आकड्यांवरून सगळं सांगता येईल.

आणि स्पीड मिळाला की लगेच झाकण लावू नकोस. माझ्या सर्व्हरच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, ९.४१, एक्स८, आणि कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे ते लिहिलंय. त्याखाली नंतरच्या तारखा आहेत, दर सहा महिन्यांनी धूळ काढताना पुन्हा मोजलेल्या. मधे एकदा ९.४१ चं ७ झालं होतं. कागद समोर असल्यामुळे मी घाबरले नाही, पंखा बंद पडलाय हे पाच मिनिटांत कळलं. तुझ्या झाकणावरही पहिली ओळ तुझ्या अक्षरात येऊ दे. ती लिहिलीस की तिचा फोटो पाठव. कितीही उशीर झाला असला तरी पाठव, मी जागी असेन.

तुझीच,
ताई